सर, मी मशीन चढवून पाहिलं नव्हतं

सर, त्या सोमवारी तुम्ही मॉनिटरच्या खालचं बटण फिरवून पडदा काळा केलात, ते मी पाहिलं होतं. मी पाहिलं हे तुम्हालाही दिसलं होतं. त्यानंतर आठ महिने आपण एकाच कॉलेजात होतो आणि त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. बोलायला हवं होतं ते मी. तुम्ही वाट पाहत होतात की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही.

वार्षिक अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्यायला मला सांगितलं आहे. "तू त्यांच्या जवळचा होतास ना," असं अंकाचं काम पाहणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मी हो म्हणालो. दोनदा लिहिलं आणि फाडलं. दोन्ही वेळा तुम्ही किती शांत होता, किती कष्टाळू होता, असंच लिहिलं गेलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण वाचताना माझी मलाच शिसारी आली. म्हणून आता जे झालं तेच लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. पहिल्या वर्षाचा पहिला आठवडा होता. कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर चपला काढून आत जायचा नियम. सगळी मुलं पांढऱ्या मोज्यांत आत गेली आणि मी दाराशी थांबलो. माझे वडील जामखेडला गवंडी. सुट्टीत त्यांच्याबरोबर काम केलं होतं, सिमेंटने पायाला भेगा पडल्या होत्या, आणि आतला गालिचा निळा होता. तुम्ही आतून आलात. तुम्ही स्वतः अनवाणी होतात.

"काय रे, आत का येत नाहीस?"

"सर, पाय..."

"पाय बघायला मशीनला डोळं न्हाईत. चल."

तुम्ही बाकीच्यांशी शुद्ध बोलायचात आणि माझ्याशी असं बोलायचात. मला त्याचं फार बरं वाटायचं. तुम्ही प्रयोगशाळा सहायक होता, म्हणून प्राध्यापक तुम्हाला नुसतं "साळवे" म्हणायचे आणि मुलंही आपसात तसंच म्हणायची. मी सर म्हणायचो. तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाहीत. शनिवारी एसटी पकडायला निघालो की म्हणायचात, "काय जामखेडकर, जागा धरायला रुमाल घेतला का?"

वाचणाऱ्यांना लॅब माहीत नसेल म्हणून सांगतो. कोपऱ्यात एकच मोठं मशीन, त्यावर युनिक्स. त्याला लांब वायरींनी जोडलेले सोळा टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं एकच आणि तोंडं सोळा, असं तुम्ही सांगायचात. मशीन दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही रीतसर बंद करायचात आणि सोमवारी सकाळी सुरू करायचात. त्याला तुमच्या भाषेत उतरवणं आणि चढवणं म्हणायचं. चढवलं की मशीन लगेच कामाला लागत नाही. आधी डिस्क तपासतं, मग एकामागून एक मागची कामं सुरू करतं: छपाईची रांग सांभाळणारं, वेळेवर ठरलेली कामं करणारं, निरोप पोचवणारं. ही कामं कुणाला दिसत नाहीत, पण दिवसभर चालू असतात. ती सगळी उभी राहिली की मगच सोळा पडद्यांवर नाव विचारणारी ओळ उमटते.

कुठलं काम कुणाच्या आधी, हे एका डिरेक्टरीतल्या फायलींच्या नावांवरून ठरतं. नावाच्या सुरुवातीला एस आणि मग आकडा. लहान आकडा आधी, मोठा नंतर. आमच्या पुस्तकात यावर अर्धं पान होतं आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं. तुम्ही मला तुमच्या राजूरचा आठवडी बाजार सांगितलात. आधी झाडणारा येतो. मग जागा आखणारा. मग पालं ठोकणारे. मग तराजू, मग भाजी. सगळ्यात शेवटी गिऱ्हाईक.

"आन् गिऱ्हाईक आधी आलं, तराजू मागनं आला, तर?"

"भांडणं होतील सर."

"मग. आकडे देताना बाजार आठवायचा."

मला आजही ते आकडे दिसले की पालं ठोकल्याचा आवाज येतो. मी राजूर अजून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला मशीनचा मुख्य पासवर्ड दिलात. विद्यार्थ्याला तो द्यायचा नसतो. तुम्ही तो कागदावर लिहिला नाहीत. माझ्याकडून तीनदा टाइप करून घेतलात आणि म्हणालात, "हा डोक्यात ठेव. आणि कॉलर ताठ करू नकोस." माझी कॉलर ताठ झालीच होती. होस्टेलच्या मेसमध्ये मी दोन दिवस उगाच गप्प गप्प, मोठ्या माणसासारखा जेवत होतो.

आपला वाद सुरू झाला तो माझ्या "हजेरी"वरून. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो मागे चालत राहायचा, दर मिनिटाला कुठल्या टर्मिनलवर कोण बसलं आहे ते बघायचा आणि एका फायलीत नोंदवायचा. म्हणजे लॅबची हजेरी आपोआप. तुम्हाला तो आवडला. पण तुम्ही विचारलंत, "सुरू करायची फाइल लिहिलीस. थांबवायची कुठंय?"

जशा एसच्या फायली चढताना चालतात, तशा केच्या फायली उतरताना चालतात. प्रत्येक कामाला नीट थांबायला सांगतात. मी म्हणालो, "सर, मशीन बंद झालं की सगळं मरतंच. वेगळं थांबवायचं कशाला?"

"मरणं वेगळं, थांबणं वेगळं. लिहिता लिहिता मेला तर फाइल अर्धी राहील."

"एका मिनिटाची तर नोंद जाईल सर."

"एका मिनिटाची का होईना. ज्याची गेली त्याची गेली."

मी हसलो. तुमच्या वयाच्या माणसांना असल्या गोष्टींत रस असतो, असं मनात म्हणालो. के फाइल मी लिहिली नाही. तुम्हीही जबरदस्ती केली नाहीत. नुसतं एवढं म्हणालात, "बरं. बघू कोण हरतं."

मार्चमधला तो शनिवार. सोमवारी सकाळी आठला वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा, पुण्याहून बाहेरचे परीक्षक येणार होते. मला हजेरी त्यांच्यासमोर आपोआप सुरू झालेली हवी होती. आमच्या विभागाच्या हेडसरांनी वर्गात त्या प्रोग्रॅमचं कौतुक केलं होतं, परीक्षकांना दाखवू असंही म्हणाले होते. तुमची मुलगी प्रज्ञा त्या दिवशी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलणार होती, म्हणून तुम्हाला चारच्या आत केडगावला घरी पोचायचं होतं. तुम्ही दारात उभे राहून चपला घालत होता.

"काय बदल करायचा तो कर. पण केल्यावर मशीन एकदा उतरव आणि चढव. आपल्या डोळ्यांसमोर. सोळाही पडदे लागले की पुन्हा उतरव आणि किल्ली वॉचमनकडे दे. समजलं?"

"हो सर."

"उतरवून चढवल्याशिवाय बदल झाला असं धरायचं न्हाई."

हा तुमचा एकच नियम होता. त्यामागचं कारणही तुम्ही मला आधी सांगितलं होतं. चालू मशीनवर सुरुवातीच्या फायलीत चूक केली तर ती लगेच दिसत नाही. मशीन आपलं चालूच असतं, सगळं ठीक वाटतं. ती चूक तशीच बसून राहते आणि पुढच्या वेळी कुणी मशीन चढवलं की त्याच्या अंगावर येते. चूक करणारा वेगळा आणि तोंड देणारा वेगळा.

मी फाइल लिहिली. आधी हाताने प्रोग्रॅम चालवून पाहिला, उत्तम चालला. हाताने चालवताना ओळीच्या शेवटी अँडचं चिन्ह दिलं होतं. ते चिन्ह असलं की मशीन त्या कामाला मागे पाठवतं आणि स्वतः पुढे जातं. नसलं की ते काम संपेपर्यंत तिथेच थांबतं. फायलीत तीच ओळ लिहिताना मी ते चिन्ह विसरलो. आणि माझा प्रोग्रॅम तर कधी संपणाराच नव्हता.

विसरणं एक वेळ ठीक. पण मशीन उतरवून चढवायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, पुन्हा उतरवायचं वेगळं, आणि माझी जामखेडची एसटी पाचला होती. पुढची साडेसातला. मी मशीन उतरवलं, चढवलं नाही. किल्ली दिली आणि स्टँडवर पळालो. एसटीत खिडकीची जागा मिळाली, हे मला अजून आठवतं.

सोमवारी साडेसातला आपण दोघंच लॅबमध्ये होतो. मी होस्टेलवरून लवकर आलो होतो. तुम्ही बटणावर बोट ठेवलंत आणि थांबलात.

"शनिवारी उतरवून चढवलं होतंस ना?"

अर्धा तास हातात होता. मी नाही म्हणालो असतो तर तुम्ही मशीन मागची कामं न उठवता, एकट्याने चालवायच्या पद्धतीत सुरू करून माझी फाइल पाहिली असतीत, ओळ दुरुस्त केली असतीत, मला दोन शब्द बोलला असतात आणि आठला परीक्षा सुरू झाली असती.

"हो सर. सोळाही पडदे लागले."

पडद्यांचं तर तुम्ही विचारलंही नव्हतं.

तुम्ही बटण दाबलंत. डिस्क तपासून झाली. छपाई आली, निरोप आले. मग मोठ्या मशीनच्या स्वतःच्या मॉनिटरवर माझ्या फायलीतली रोमन अक्षरांतली ओळ आली: हजेरी सुरू. आणि त्यानंतर काहीच आलं नाही. सोळा पडदे काळेच. तुम्ही थांबवायची कळ दाबलीत, दोनदा, तीनदा. मशीन हललं नाही. ते माझ्या हजेरीची वाट पाहत उभं होतं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं आता बोलाल. तेवढ्यात बाहेर बुटांचा आवाज आला, हेडसर आणि परीक्षक. आणि तुमचा हात मॉनिटरच्या खाली गेला आणि पडदा काळा झाला. हेडसरांनी ती ओळ वाचली असती तर कुणाची ते त्यांना तत्काळ कळलं असतं.

"साळवे, काय झालं?"

"सर, मशीन चढत नाही. बघतो."

"बघतो म्हणजे? आठला बॅच आहे! शनिवारी काय केलं होतंत?"

तुम्ही खाली वाकून वायरी तपासायला लागलात. मग हेडसर माझ्याकडे वळले. "तू इथे होतास ना? मशीन कुणी लावलं?"

मी म्हणालो, "साळवेंनी."

सर, मी "साळवेंनी" म्हणालो. खोटं नव्हतं. बटण तुम्हीच दाबलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला सर म्हटलं नाही, आणि ते तुमच्यासमोर. तुम्ही मान वर केली नाहीत, वायरी तपासत राहिलात. त्या वायरींत काही नव्हतं.

त्यानंतर तुम्हाला मशीन रीतसर न उतरवता, वीज तोडून तसंच बंद करावं लागलं. तसं बंद केल्यावर डिस्कची तपासणी लांबते. मुलं व्हरांड्यात उभी. परीक्षक घड्याळ बघत होते आणि हेडसर त्यांना चहा देत होते. कुणीतरी मुलांतून म्हणालं, "साळवेंनी वाट लावली रे." मी ऐकलं. दोघेतिघे हसले आणि मीही हसलो. का हसलो ते विचारू नका. तोंड हसलं.

माझी फाइल तेवढ्यापुरती बाजूला काढून तुम्ही मशीन चढवलंत. साडेनऊला सोळा पडदे लागले.

चार दिवसांनी तुम्हाला मेमो मिळाला. लॅबच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि तुम्हाला ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसवलं. तुमच्या खुलाशात तुम्ही "माझ्याकडून तपासणी राहून गेली" एवढंच लिहिलंत, असं मी नंतर शिपायाकडून ऐकलं.

गप्प राहायला माझ्याकडे कारण होतं. मी स्वतःला सांगायचो, त्यांनीही पासवर्ड द्यायला नको होता. ते मला वाचवत नव्हते, स्वतःला वाचवत होते. मी बोललो तर त्यांचंच आणखी वाईट होईल. हे सगळं मी इतक्या वेळा घोकलं की ते माझं चांगुलपण वाटायला लागलं.

आठवड्याने मी मशीनवर बसलो तेव्हा माझी फाइल उघडून पाहिली. त्या ओळीच्या शेवटी चिन्ह होतं. आणि शेजारी, उतरताना चालायच्या जागी, एक के फाइल होती. मी न लिहिलेली. तारीख त्याच सोमवारची, दुपारची. म्हणजे शिव्या खाऊन झाल्यावर, किल्ल्या जायच्या आधी, तुम्ही बसून माझं काम पुरं केलंत. फायलीच्या डोक्यावर लेखकाचं नाव माझंच ठेवलंत.

 तिसऱ्या वर्षी मी हजेरी प्रोजेक्ट म्हणून दिली. हेडसरांनी फायली चाळल्या आणि के फाइल पाहून म्हणाले, "वा, थांबवायचाही विचार केलास. मुलं हे विसरतात." मी म्हणालो, "हो सर, अर्धी नोंद राहू नये म्हणून." तुमचं वाक्य, तुमची फाइल. अहवालाच्या ऋणनिर्देशात मी प्राचार्यांचे आभार मानले, हेडसरांचे, आई-वडिलांचे, टायपिंग करून देणाऱ्या दुकानदाराचेसुद्धा. तुमचं नाव घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, यांचा काय संबंध?

ग्रंथालयात मी येणं टाळलं. पुस्तकं मित्राबरोबर पाठवायचो. एकदा तो आजारी होता म्हणून मलाच यावं लागलं. तुम्ही खिडकीत, पुस्तकावर शिक्का मारत होता.

"काय जामखेडकर. लई दिवसांनी."

"हो सर. अभ्यास..."

"अभ्यास पाहिजेच. हजेरीचं काय झालं? चालतीय का नीट?"

मी म्हणालो, "सोडून दिलं सर ते."

तुम्ही शिक्का मारायचा थांबलात. "का रे? चांगलं होतं ते." मग शाईच्या पॅडचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "दोन हजार साल आलं की सगळी मशीन बंद पडणार म्हणत्यात. तुझ्या तारखा तेवढ्या चार आकडी ठेव." मागे रांग होती. मी पुस्तक घेतलं आणि निघालो. तुमच्याशी ते शेवटचं बोलणं. त्यातही मी खोटंच बोललो.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेल्याची बातमी आली. जेवून उठला होता आणि छातीत कळ आली, असं सांगितलं.

कॉलेज उघडल्यावर शोकसभा झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि काय बोललो, तर तुमचं ते वाक्य: मरणं वेगळं, थांबणं वेगळं, सर मेले नाहीत, ते आपल्यात थांबले आहेत. पुढच्या रांगेतल्या मॅडमनी डोळे पुसले. हेडसरांनी खाली उतरताना माझ्या पाठीवर थाप मारली. तुम्ही ते वाक्य एका अर्ध्या राहणाऱ्या नोंदीसाठी म्हणाला होतात. मी त्याची शोभा केली. खाली बसलो तेव्हा घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही चारपाच मुलं केडगावला तुमच्या घरी आलो. वंदना झाली, सगळे उठले, चपला शोधायला लागले. तुमच्या घरच्यांना, म्हणजे काकूंना, कुणीतरी सांगितलं असणार की मी कॉम्प्युटरवाला. त्यांनी मला थांबवलं.

"तू त्या लॅबमधला का रं? मंग मला एक सांग. ह्यांनी खरंच मशीन बिघडवलं हुतं का? घरात कधी बोलले न्हाईत. पन लॅब गेली तवापासून जेवान कमी झालं हुतं त्यांचं."

प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. यंदा दहावीला आहे. तिचे डोळे तुमचे आहेत.

"नाही काकू," मी म्हणालो, "मशीनच जुनं होतं."

"मंग कागूद का दिला त्यांनला?"

"ऑफिसचं तसंच असतं काकू."

काकूंनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं, किंवा त्यांनी तसं दाखवलं. प्रज्ञाचं झालं नाही. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ती दारात उभी होती.

तिसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. काकू पाणी भरायला गेल्या होत्या. प्रज्ञाने मला बसायला सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत तुमची दोरी बांधलेली फाइल आणली. त्यातून मेमो काढून माझ्यासमोर मोठ्याने वाचला. निष्काळजीपणे, कर्तव्यात कसूर, संस्थेच्या लौकिकास बाधा. वक्तृत्वात बोलणारी मुलगी आहे. प्रत्येक शब्द स्वच्छ.

"मशीन जुनं होतं तर हे असं का लिहिलंय?"

मी सांगितलं. शनिवार, एसटी, ते चिन्ह, आणि सोमवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय म्हणालो ते. तिने मध्ये एकदाच विचारलं, "तो शनिवार म्हणजे माझ्या स्पर्धेचा?" मी हो म्हणालो. तिने मान खाली घातली. तिला वाटलं असावं, पप्पा आपल्यासाठी लवकर आले म्हणून झालं. तिच्या तोंडावर ते दिसलं आणि मी घाईघाईने म्हणालो, "नाही, नाही. ते मला सगळं नीट सांगून गेले होते. राहिलं ते माझ्याकडून." आठ महिन्यांत पहिल्यांदा मी न अडखळता खरं बोललो. तेही तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून.

"मला सांगून काय होणार आहे?" ती म्हणाली. "मेमो मी नाही दिला."

"प्राचार्यांना लिहून देतो."

आणि लगेच माझ्यातला तो जुना जागा झाला. मी म्हणालो, "पण एक आहे. मग पासवर्ड माझ्याकडे कसा आला तेही निघेल. ते सरांच्याच नावावर लागेल. बघ, विचार कर." मी ते तिच्या भल्यासाठी म्हणतो आहे असं मला बोलताना वाटत होतं. बोलून झाल्यावर वाटलं नाही.

"पप्पांनी दिला होता का पासवर्ड?"

"हो."

"खरंच दिला होता?"

"हो."

"मग येऊ द्या ते. जे त्यांनी केलं ते राहू द्या. जे नाही केलं ते काढा."

मी दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. हेडसरांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "माणूस गेला. आता याचा कुणाला उपयोग? तू फायनलला आहेस, उद्या शिफारसपत्र माझ्याकडेच मागशील. घे परत." मी परत घेतला नाही. धैर्य होतं म्हणून नव्हे सर. परत घेतला असता तर केडगावला जाऊन काय सांगायचं ते मला सुचलं नाही. प्रोजेक्टच्या अहवालात तुमचं नाव घालून नवीन पान जोडायची परवानगीही मी त्याच अर्जात मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तुमची बाजू मान्य होईल की नुसती फाइल इकडची तिकडे होईल, सांगता येत नाही.

काल आवक-जावकच्या खिडकीतून अर्जाची पोच मिळाली, ती घेऊन मी केडगावला गेलो. प्रज्ञाने ती वाचली. मग मेमो काढून शेजारी ठेवला आणि दोन्ही कागदांवरच्या तारखा पाहिल्या. एका कागदावर मार्च, एकावर नोव्हेंबर. तिने बोटांवर मोजलं.

"मध्ये आठ महिने आहेत," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा पप्पा होते."

"हो," मी म्हणालो.

तिने दोन्ही कागद फायलीत ठेवले आणि दोरी बांधली. आतून काकू म्हणाल्या, "कोन आलंय गं? च्या घेऊन जा म्हनावं." प्रज्ञा फाइल घेऊन आत गेली. मी दारातच उभा होतो. मग मी चपला घातल्या.